तिसऱ्या दिवसाचं पान

३ मार्च, सोमवार
आज कप्तानांनी सहलीची वही उघडली आणि माझ्या वाट्याला तिसरा दिवस आला. घरी आल्यावर ही कोरी डायरी काढली. एरवी मी लिहितो ती फक्त लोकांच्या जबड्यांची मापं. कवळ्या करतो मी. वीस वर्षं प्लास्टरच्या धुळीत बसून माणसांची तोंडं साच्यातूनच पाहिली आहेत, त्यामुळे रस्त्यात कुणी हसलं तरच मी ओळखतो.

आम्ही चौघं जाणार. कप्तान म्हणजे निवृत्त भूमापक, जन्मभर जमिनी मोजल्या, आता किलोमीटर मोजतात. दुसरी बेकरीवाली. ती सगळ्यांसाठी बिस्किटं आणते आणि चढ लागायच्या आत स्वतःच संपवते. मग दादा आणि मी. सहा दिवस, चारशे ऐंशी किलोमीटर.

कप्तानांचा नियम एकच. जे आपल्या चाकाखालून गेलं नाही ते वहीत लिहायचं नाही. प्रत्येक दिवसाची वाट एकानं आधी जाऊन पाहायची, चढ, पाणी, खड्डे लिहायचे आणि खाली 'गेलो' असं लिहून सही करायची. सहलीत त्या दिवशी त्यानंच पुढे राहायचं. 'गेलो' नसेल त्या रस्त्यानं कप्तान चाक घालत नाहीत.

दादा एकसष्ट वर्षांचा. त्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, यंदाचा उन्हाळा चालवून घ्या, पुढच्या वर्षी रस्त्यावर नको. बाबा गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि दादा तेवीसचा. त्याच महिन्यात तो मित्रांबरोबर लांबच्या सायकल सहलीला निघणार होता, पिशव्या भरून झाल्या होत्या. त्या रिकाम्या करून तो लेथवर उभा राहिला तो पस्तीस वर्षं. हे त्यानं मला कधी सांगितलं नाही, आत्यानं सांगितलं. तेव्हा ही सहल तशी त्याचीच आहे.

८ मार्च, शनिवार
उद्या तिसरा दिवस पाहून येणार. चौऱ्याऐंशी किलोमीटर. पहिले त्रेपन्न डांबरी, पुढचे एकतीस जुन्या रेल्वेमार्गावरून. रूळ केव्हाच उखडून नेलेत, आता मुरूम टाकून चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी वाट केलीय. मध्ये चारशे मीटरचा बोगदा आहे.

दादानं स्वतःसाठी आणलेली नवी टॉर्च मला दिली. "सेल आतच आहेत. ही प्लास्टिकची पट्टी ओढून काढ, मग लागेल. बोगद्यात हँडलला बांध." बायको म्हणाली, "भाऊजी, ते काय लहान आहेत का?" दादा म्हणाला, "मी कुठे म्हणतोय लहान आहे. पट्टी काढायला विसरतो तो."

९ मार्च, रविवार
जाऊन आलो.

१० मार्च, सोमवार
काल लिहिलं ते खरं नाही. डायरीत तरी खरं लिहावं.

त्रेपन्न किलोमीटर केले. समोरून वारा, डावा गुडघा पेटलेला, बूड तर माझं राहिलंच नव्हतं. जिथे रेल्वेची वाट सुरू होते तिथे चहाच्या टपरीवर बसलो. एक टेम्पोवाला होता, ती वाट जिथे संपते त्याच गावाला रिकामा टेम्पो घेऊन निघालेला. म्हणाला, "टाका सायकल मागे, चोवीस किलोमीटर तर आहे सडकेनं." मी टाकली. एवढंच झालं. कुणी धमकावलं नाही, कुणी फूस लावली नाही.

वाटेत त्याला बोगद्याचं विचारलं. म्हणाला, "बोगदा काय, अंगणासारखा सपाट आहे." कधी गेलास म्हटलं, तर म्हणे शाळेत असताना. त्या गावाहून बसनं परत आलो आणि घराच्या अलीकडे दोन किलोमीटरवर उतरून सायकल चालवत आलो, म्हणजे घाम दिसावा. हे लिहिताना कान गरम झालेत.

पुढच्या रविवारी एकतीस किलोमीटर करून येतो आणि मगच वहीत लिहितो. म्हणजे खोटं असं काही होत नाही.

संध्याकाळी दादानं दोन्ही सायकली पुसल्या. चाकं फार वेळ पुसत होता. मग टॉर्च मागितली. खिडकीशी नेऊन डोळ्यांजवळ धरून उलटसुलट पाहिली. बिचाऱ्याला हल्ली काही धड दिसत नाही. ड्रॉवरमध्ये ठेवून म्हणाला, "बोगद्यात गार असेल नाही?" मी म्हणालो, "फार गार."

१६ मार्च, रविवार
जाता आलं नाही. वृद्धाश्रमाच्या अकरा कवळ्या मंगळवारपर्यंत द्यायच्या आहेत. म्हाताऱ्या माणसांना उपाशी ठेवून सायकल फिरवायची का? हे कारण इतकं चांगलं आहे की माझं मलाच पटत नाही.

२० मार्च, गुरुवार
कप्तानांकडे सगळ्यांनी आपापली पानं लिहिली. त्यांच्या जेवणाच्या टेबलावर नकाशे, चार पेनं आणि मोजपट्टी. बेकरीवालीनं दुसऱ्या दिवसाचं पान लिहिलं, त्यात एका कुत्र्याचासुद्धा उल्लेख आहे, कुठल्या बाजूनं धावून येतो तेही. माझी पाळी आली. त्रेपन्नपर्यंत झराझरा लिहिलं. पुढचं संगणकावर उपग्रहाचा नकाशा पाहून ठेवलं होतं. लिहिलं, 'बोगदा चारशे मीटर. आत जमीन सपाट. सायकलवर बसून जाता येतं.' मग पेन थांबलं. कप्तान म्हणाले, "शाई संपली का?" मी म्हणालो, नाही. आणि 'गेलो' लिहून सही केली.

तीन अक्षरंसुद्धा नाहीत. मला वाटलं होतं हात थरथरेल. छान वळणदार आलं.

२६ मार्च, बुधवार
दादानं स्वतःच्या पिशव्या तिसऱ्यांदा भरल्या. कपडे दोन जोड, नट आवळायच्या चाव्या, पंक्चरचं सामान. सगळं चाचपून कुठे काय आहे ते पाठ करतोय. मला म्हणाला, "तिसऱ्या दिवसाचं काही बदलायचं असेल तर कप्तानांना अजून सांगता येईल. सडकेनंही जाता येतं."

मी उखडलो. म्हणालो, "माझ्या पानावर तुझा विश्वास नाही का?" तो म्हणाला, "तुझ्यावर आहे." आणि चाव्या पुन्हा मोजायला लागला. मोठ्या भावावर ओरडायचं माझं हे वय नाही आणि त्याचंही ऐकून घ्यायचं नाही. नंतर कॉफी करून दिली. त्यानं निमूट घेतली.

२९ मार्च, शनिवार
पहिला दिवस. एकोणऐंशी किलोमीटर. दादा माझ्या मागच्या चाकावरच्या लाल दिव्यावर नजर ठेवून चालवतो. मी खड्ड्यापूर्वी "डावीकडे" म्हणालो की तो डावीकडे घेतो, का ते विचारत नाही. उतारावर तो चक्क गात होता. त्याला गाता येतं हे मला सत्तेचाळीस वर्षांत माहीत नव्हतं. बेकरीवाली म्हणाली, "हे लेथवर गात होते का हो?" तो म्हणाला, "लेथवर कुणाला ऐकू येतंय."

३० मार्च, रविवार
दुसरा दिवस. कुत्रा लिहिलेल्या जागी, लिहिलेल्या बाजूनंच आला. सगळे हसले. मला हसू आलं नाही. उद्या माझं पान.

सकाळी कप्तानांना सांगतो.

३१ मार्च, सोमवार
दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितोय. दादाला आत नेलंय. गळ्याजवळचं हाड मोडलंय, उजव्या बाजूचं.

सांगितलं नाही मी सकाळी. कप्तान दाढी करत होते, मग नाश्ता आला, मग निघालोच. त्रेपन्न किलोमीटर मी पुढे होतो आणि एकेक खड्डा हात करून दाखवत होतो. मुरमाची वाट लागल्यावर माझी गती आपोआप कमी झाली. बोगद्याचं तोंड दिसलं. आत मिट्ट काळोख. नियमाप्रमाणे मी पुढे जायचं. तेवढ्यात दादा बाजूनं आला, टॉर्च त्याच्या हँडलला होती. म्हणाला, "इथून मी पुढे जातो. तुझा गुडघा दुखतोय. तुम्ही लांबून या, मी हाक मारल्याशिवाय जवळ येऊ नका."

मी नाही म्हणायला हवं होतं. ज्याला भर दुपारी जिना दिसत नाही तो माणूस काळोखात पुढे जातो म्हणतोय. मला काय वाटलं ते लिहितो, कारण ते दुसऱ्या कुणाला सांगायची माझी छाती नाही. मला हायसं वाटलं. वाटलं, हौस आहे त्याची, जाऊ दे.

अर्ध्याच्या पुढे गेला असेल. धातू आपटल्याचा आवाज आला आणि लगेच त्याची हाक. "थांबा. चर आहे. कुणी पुढे येऊ नका." पडल्यावर पहिला शब्द तो होता. विव्हळला तो आम्ही पोचल्यावर. बोगद्यात पाणी जायला आडवा चर खणलेला आहे, हातभर रुंद, गुडघ्याएवढा खोल, उघडा. पलीकडून मार्गाची राखण करणारी बाई तिची पाचोळ्याची ढकलगाडी घेऊन धावत आली. त्याच गाडीतून त्याला बाहेर आणला.

उजेडात आल्यावर कप्तानांनी वही काढली. "चर वहीत नाही." मी म्हणालो, "मी गेलो तेव्हा त्यावर लोखंडी झाकण होतं." ठरवून बोललो नाही, तोंडातून तयारच आलं. कप्तान म्हणाले, "मग चोरीला गेलं." दादा गाडीत आडवा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, डोळे मिटून घेतले.

१ एप्रिल, मंगळवार
दादानं कप्तान आणि बेकरीवालीला आग्रह करून पुढे पाठवलं. आम्ही दोघं टेम्पो करून परत आलो. सायकली मागे, आम्ही पुढे. सगळी वाट तो खिडकीबाहेर पाहत होता, जे काय दिसत असेल ते. बायकोनं दार उघडलं, त्याचा बांधलेला हात पाहिला आणि मग माझ्याकडे पाहिलं. काही विचारलं नाही. तिनं विचारलं असतं तर बरं झालं असतं.

७ एप्रिल, सोमवार
दादाला अंघोळ घालतो, शर्ट घालतो, जेवण भरवतो. डावा हात चालतो त्याचा, पण मी ऐकत नाही. आज म्हणाला, "अरे, घास लहान कर. तोंड माझं आहे, साचा नाही." मी हसलो आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसलो.

डॉक्टर म्हणतात हाड जुळायला दोन महिने. उन्हाळा तेवढाच आहे.

१२ एप्रिल, शनिवार
कप्तान आले. सोबत टाईप केलेलं पत्र. मार्गाच्या कार्यालयाला तक्रार. झाकण चोरीला गेलं, राखण करणाऱ्या बाईनं लक्ष दिलं नाही, कळवलं नाही, तिच्या हलगर्जीपणामुळे एक ज्येष्ठ सायकलस्वार जखमी झाला. त्यांनी फोनवर आधीच कळवलं होतं, कार्यालयानं तिला मंगळवारी चौकशीला बोलावलंय. "झाकण पाहिलेला साक्षीदार तूच," ते म्हणाले. मी सही केली. ह्या वेळी मात्र अक्षर वाकडं आलं.

१३ एप्रिल, रविवार
सकाळी दादा म्हणाला, "कप्तान त्या पत्राची प्रत ठेवून गेलेत ना, वाचून दाखव. मला एवढं बारीक दिसत नाही." मी वाचलं. 'हलगर्जीपणा' भराभर वाचून टाकला. त्यानं पुन्हा वाचायला लावलं.

मग म्हणाला, "तिला काढतील."

मी म्हणालो, "नुसती चौकशी आहे."

"तिच्या गाडीतून तू मला बाहेर आणलास." मग म्हणाला, "टॉर्चमधली पट्टी तशीच होती रे."

मी पत्र त्याच्यापुढे ठेवलं.

"आणि चाकाला मुरूम नव्हता. लाल असतो तो, आठवडाभर निघत नाही."

"मग तू बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून. रोज वाटायचं, आज बोलेल. बोगद्याशी आलो तेव्हा म्हटलं, आता ह्याला पुढे घातला तर हाच पडेल." त्यानं डाव्या हातानं पत्राची घडी घातली. "हाड माझं आहे, जुळेल. तिचं काय जुळणार आहे?"

म्हणजे तो हौसेनं पुढे गेला नव्हता. मी चौदा दिवस त्याला दोन घास जास्त भरवून स्वतःला चांगला भाऊ समजत होतो. मेल्याहून मेल्यासारखं म्हणतात ते काय असतं ते आज कळलं. मी खुर्चीवर बसून रडलो. दादानं समजूत काढली नाही. एवढंच म्हणाला, "कप्तान दुपारी घरी असतात."

१३ एप्रिल, संध्याकाळ
गेलो होतो. तिथे बेकरीवालीही होती, सहलीचे फोटो घेऊन आलेली. तिच्यासमोरच सांगावं लागलं. टेम्पो, बस, दोन किलोमीटरचा घाम, पान, झाकण, सगळं. कप्तानांनी मध्ये अडवलं नाही. मला वाटलं होतं ओरडतील. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि हातानं डोळे चोळले.

बेकरीवाली म्हणाली, "त्या बोगद्यात दादांच्या मागे मी होते." आणि फोटो गोळा करून पिशवीत घालायला लागली.

मी म्हणालो, पान फाडून टाका. कप्तान म्हणाले, "पान फाडत नसतो मी. चुकीच्या मोजणीचा कागदसुद्धा दप्तरात राहतो." वही माझ्यापुढे सरकवली. "खाली लिही." मी माझ्या सहीखाली लिहिलं, 'गेलो नव्हतो.' तारीख घातली. बाहेर पडताना ते म्हणाले, "परवा दहाला कार्यालयात. मी येतो, पण बोलायचं तू."

१५ एप्रिल, मंगळवार
लांब खोली, तीन टेबलं, पंखा. राखण करणारी बाई भिंतीशी उभी होती, इस्त्रीची साडी नेसून, हातात कागदांची पिशवी. तिला बस म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. मी साहेबांना सांगितलं की झाकण मी पाहिलेलं नाही, मी त्या वाटेनं कधी गेलोच नव्हतो, पत्रातलं माझं म्हणणं खोटं आहे. साहेबांनी विचारलं, "मग लिहिलंत कशाला?" मी म्हणालो, लाज वाटली म्हणून. ते म्हणाले, "कसली?" आणि हे उत्तर मला चार माणसांसमोर तपशिलात द्यावं लागलं.

बाईनं पिशवीतून तीन अर्ज काढले. चरावर झाकण कधीच नव्हतं. ते बसवा म्हणून तिनंच दोन वर्षांत तीनदा लिहिलं होतं. साहेबांनी ते अर्ज उलटसुलट पाहिले आणि चौकशी मिटली.

बाहेर मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "मी चार दिवस जेवले नाही." मग म्हणाली, "पडलेले ते कसे आहेत?" मी म्हणालो, बरे आहेत. तिनं मान हलवली आणि बसथांब्याकडे गेली. माफ केलं असं काही म्हणाली नाही, आणि मी ते मागायला थांबलो नाही.

२७ एप्रिल, रविवार
एकतीस किलोमीटर केले. एकटा. चरापाशी उतरून सायकल उचलून पलीकडे नेली. त्यावर आता फळ्या टाकल्यात, तरी उतरलो. वहीत लिहायची परवानगी मागितली नाही. कप्तानांचा फोन येत नाही. बरोबरच आहे.

९ जून, सोमवार
हाड जुळलं. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दादाला एका अंधाऱ्या खोलीत बसवून तासभर तपासलं आणि मग खुर्ची पुढे ओढून सांगितलं की सायकल आता नाही. रस्त्यावर नाही आणि मैदानातही नको. दादानं विचारलं, "कुणाच्या मागून गेलो तरी?" डॉक्टर म्हणाले, तरी.

रिक्षात मी त्याचा हात धरला. म्हणालो, "दादा, तुझी सहल मी घालवली." पहिल्यांदा तोंडावर म्हणालो. तो म्हणाला, "हो." एवढंच. नाही रे असं म्हणेल म्हणून मी वाट पाहत होतो, हेही लिहून ठेवतो.

मग घराच्या वळणावर म्हणाला, "चौथा, पाचवा, सहावा राहिला. तू जा. एकेक करून ये. आणि मला सांग."

१५ जून, रविवार
चौथा दिवस करून आलो. ब्याऐंशी किलोमीटर. आलो तेव्हा दादा व्हरांड्यात खुर्चीवर बसलेला, सरबताचा पेला माझ्यासाठी झाकून ठेवलेला. बायको दारात टेकून उभी राहिली.

मी सांगायला लागलो. सकाळी धुकं होतं, कालव्याच्या कडेनं बारा किलोमीटर सपाट, मग विटांच्या भट्ट्या, मग चढ. तो डोळे मिटून ऐकत होता, मध्ये मध्ये विचारत होता. कालवा डावीकडे की उजवीकडे, पाणी वाहतं होतं की साचलेलं, भट्टीचा वास येत होता का. मी प्रत्येक गोष्ट आठवून सांगितली.

"आणि चढ?"

"मोठा आहे. दोन किलोमीटर सायकल हातात धरून चाललो."

"दोनच?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी सरबताचा घोट घेतला. म्हणालो, "पाच."

दादानं डोळे मिटलेलेच ठेवले. "बरं, पाच," म्हणाला. "मग पहिल्यापासून सांग. कुठे उतरलास?"